सिंगापूरमधले वान छिंग युआन : चिनी क्रांतीचे घर नीट कसे पाहावे

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. मरिना बे, सेंटोसा, रात्रीचे प्राणिसंग्रहालय, मुस्तफामध्ये खरेदी आणि लिटल इंडियात जेवण. त्याच लिटल इंडियातून निघणारा सेरंगून रोड पुढे बालेस्टिअर रोडला मिळतो. बालेस्टिअर रोडच्या मागच्या बाजूला ताय जिन रोड नावाचा छोटा रस्ता आहे आणि तिथे १२ क्रमांकाचा एक दुमजली बंगला उभा आहे. चीनमधली दोन हजार वर्षांची राजेशाही उलथवणाऱ्यांनी निदान तीन उठावांची आखणी या बंगल्यात बसून केली. बंगल्याचे नाव वान छिंग युआन. आज तिथे ‘सन यत-सेन नानयांग स्मारक भवन’ आहे.

स्मारकाच्या नावात सन यत-सेन असल्यामुळे लोक त्यांचा पुतळा बघतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. माझे सांगणे वेगळे आहे. हे घर पाहुण्याचे नव्हे, यजमानांचे म्हणून पाहा. सन यत-सेन इथे येत-जात राहिले. घर, पैसा, छापखाना आणि पराभवानंतरचा आसरा देणारे सिंगापूरचे व्यापारी मात्र इथलेच होते. त्यांनी काय दिले आणि त्याची त्यांना काय किंमत पडली, हे डोक्यात ठेवून फिरलात तर दोन-तीन तासही अपुरे वाटतील. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी : जाण्याआधी घरी करायचा अभ्यास

फार वाचायची गरज नाही. चार-पाच घटना क्रमाने माहीत असल्या की भिंतीवरचे फलक बोलू लागतात.

सन यत-सेन यांचा जन्म १८६६ चा, दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. पेशाने डॉक्टर. चीनवर राज्य करणारी मांचू राजवट उलथल्याशिवाय चीनचे भले नाही या निष्कर्षाला ते आले आणि १८९४ मध्ये होनोलुलू इथे त्यांनी पहिली क्रांतिकारी संघटना काढली. पुढच्या वर्षीचा ग्वांगजोमधला उठाव फसला आणि त्यांना देश सोडावा लागला. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीने त्यांना कोंडून ठेवले होते. त्यांचे जुने शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांच्या धडपडीमुळे ते सुटले, आणि या प्रकरणाने जगभर त्यांचे नाव झाले.

आता सिंगापूर. इथे १९०० साली चिनी समाजात जोर होता तो सुधारणावाद्यांचा. सम्राटाला हटवू नका, त्याच्याच हातून सुधारणा घडवा, असे म्हणणारे कांग यूवेई त्या वर्षी सिंगापूरला आले. श्रीमंत कवी-व्यापारी खू सिओक वान यांनी त्यांना आसरा दिला. डॉ. लिम बून केंग यांच्यासारखी प्रतिष्ठित माणसेही त्या बाजूला होती. जुलै १९०० मध्ये सन यांचे जपानी मित्र मियाझाकी तोतेन कांग यांना भेटायला आले, तर ते खून करायला आले आहेत असा संशय घेऊन पोलिसांनी त्यांना पकडले. त्यांना सोडवायला सन स्वतः सिंगापूरला धावले. मित्र सुटला, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सन यांना पाच वर्षांची प्रवेशबंदी घातली. सिंगापूरशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी.

हा सुधारणावादी-क्रांतिवादी झगडा लक्षात ठेवा. संग्रहालयातली निम्मी वर्तमानपत्रे त्याशिवाय कळत नाहीत.

तिसरी गोष्ट नानयांगची. चिनी लोक आग्नेय आशियाच्या मुलखाला नानयांग, म्हणजे दक्षिण समुद्राकडचा प्रदेश म्हणत. फुजियान आणि ग्वांगडोंग या किनारी प्रांतांतून लाखो माणसे इथे कथिलाच्या खाणींत, रबराच्या मळ्यांत, गोदीत आणि दुकानांत कामाला आली. ती होक्कियेन, तेओच्यू, कँटोनीज, हाक्का, हायनानीज अशा बोलीगटांत विभागलेली होती. प्रत्येकाची देवळे वेगळी, धंदे वेगळे, मंडळेही वेगळी. गावी पैसे पाठवणे मात्र सगळ्यांचे चालू असे. म्हणून गावची खबर आणि गावची चिंता, दोन्ही इथे जिवंत होती. क्रांतीला लागणारा पैसा आणि माणसे सन यांनी इथे का शोधली, याचे उत्तर यात आहे.

दुसरी पायरी : यजमानांची ओळख

तीन नावे पाठ करून जा : तेओ एंग हॉक, तान चोर लाम आणि लिम नी सून.

तेओ एंग हॉक तेओच्यू व्यापारी. लिम नी सून हा त्यांचा भाचा, पुढे रबर आणि अननसाच्या धंद्यात मोठा झाला. तान चोर लाम होक्कियेन, लाकडाच्या वखारी असलेल्या घरातला, १८८४ चा जन्म. म्हणजे क्रांतीत पडला तेव्हा हा मुलगा जेमतेम विशीत होता. सन यांची भेट व्हायच्या आधीपासून ही मंडळी कामाला लागली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शांघायमध्ये पकडलेल्या एका तरुण लेखकाची मांचूविरोधी पुस्तिका त्यांनी छापून गुपचूप वाटली. १९०४ मध्ये तान आणि तेओ यांनी स्वतःच्या पैशाने ‘थो लाम जित पोह’ नावाचे दैनिक काढले. नानयांगमधले हे पहिले क्रांतिवादी वर्तमानपत्र. खप थोडा, विरोध मोठा. वर्षा-दीड वर्षात ते बंद पडले. पण त्यांनी छापलेली एक दिनदर्शिका पार होनोलुलूत सन यांच्या हाती पडली आणि आपल्या विचाराची माणसे सिंगापुरात आहेत हे त्यांना कळले.

१९०५ च्या उन्हाळ्यात युरोपातून जपानला जाताना सन यांची बोट सिंगापूरला थांबली. यू लिए या जुन्या सहकाऱ्याने तिघांशी त्यांची गाठ घालून दिली. सन पुढे टोकियोला गेले आणि ऑगस्टमध्ये तिथे थोंगमेंगहुई या संघटनेची स्थापना झाली. निरनिराळे क्रांतिकारी गट तिच्यात एकत्र आले.

बंगल्याची कथा याच वर्षी इथे येऊन जुळते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एका चिनी व्यापाऱ्याने बांधलेले हे घर ‘बिन चान हाउस’ म्हणून ओळखले जाई. १९०५ मध्ये तेओ एंग हॉक यांनी ते विकत घेतले, ते आपल्या आईसाठी. तान पोह निओ या वृद्ध माउलीला शहराच्या गजबजाटापासून दूर, झाडांत राहता यावे ही इच्छा. थांग काळातला कवी ली शांगयिन याच्या, निरभ्र सायंकाळ माणसाला मोलाची वाटते अशा अर्थाच्या ओळीवरून त्यांनी घराला वान छिंग युआन हे नाव दिले. म्हातारपण सुखाचे जावे म्हणून घेतलेले ते घर होते. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९०६ ला, त्या घरात थोंगमेंगहुईची सिंगापूर शाखा स्थापन झाली. तान चोर लाम अध्यक्ष, तेओ एंग हॉक उपाध्यक्ष. आईसाठी घेतलेले घर मुलाने क्रांतीला दिले आणि आईने दिवाणखाना मोकळा करून दिला. आत पाऊल टाकताना एवढे आठवावे.

तिसरी पायरी : पोहोचणे

मेट्रोने जायचे तर नॉर्थ-साउथ मार्गावरचे तोआ पायोह स्थानक जवळ पडते. नोव्हेनाहूनही जाता येते. दोन्हीकडून चालायची तयारी हवी, साधारण पंधरा-वीस मिनिटे. ऊन आणि दमट हवा सोसत नसेल तर बालेस्टिअर रोडवरून जाणारी बस पकडा आणि आह हूड रोडच्या कोपऱ्यावर उतरा. झोंगशान पार्क नावाची बाग, तिच्या भोवतीची हॉटेले आणि छोटा मॉल दिसला की आलातच. लिटल इंडियात उतरला असाल तर टॅक्सी सर्वांत सोपी. अंतर कमी आहे आणि तिघे-चौघे असाल तर भाडेही जड जात नाही.

भवन सोमवारी बंद असते. एरवी सकाळी १० ते संध्याकाळी ५. सणासुदीला वेळा बदलतात आणि प्रवेशशुल्काचे नियम स्थानिकांना आणि परदेशी पाहुण्यांना वेगळे असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ उघडून पाहा. तिथेच मार्गदर्शकासह फेरीची वेळही तपासा. स्वयंसेवक मार्गदर्शक इंग्रजीत आणि मँडरिनमध्ये माहिती देतात. शक्य असेल तर आपली भेट त्या फेरीच्या वेळेशी जुळवा, कारण या लोकांना फलकांपलीकडचे पुष्कळ ठाऊक असते.

दुपारी अनेकदा पाऊस येतो. छत्री बरोबर असू द्या. सकाळी दहाला पोहोचणे सगळ्यांत उत्तम.

चौथी पायरी : आधी बाहेरून पाहा

थेट आत शिरू नका. फाटकातून आल्यावर हिरवळीवर थोडे मागे सरून बंगला पूर्ण नजरेत घ्या. मधोमध पुढे आलेले पोर्च, ज्याखाली घोडागाडी थांबत असे. त्यावर वरच्या मजल्याचा व्हरांडा, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खांब आणि झडपांच्या उंच खिडक्या. युरोपीय धाटणीचा आराखडा, पण उष्ण आणि पावसाळी हवेला साजेसा करून घेतलेला. वारा आरपार जावा, ऊन आत येऊ नये, याची काळजी जागोजाग दिसते. मुंबई-पुण्याच्या जुन्या कँपातले बंगले पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. साम्राज्य एकच होते.

हे घर कुणाचे असू शकेल, असा विचार इथे करा. क्रांतीचा अड्डा म्हटल्यावर तळघर, अंधारी खोली असे काही मनात येते. हे तर सुखवस्तू माणसाचे उघडे-वाघडे घर. तोच त्याचा फायदा होता. प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या बंगल्यावर पाहुणे आले तर कुणाला खटकणार? शिवाय वस्तीपासून दूर, आणि सिंगापूर ब्रिटिशांच्या ताब्यात, त्यामुळे मांचू दरबाराचा हात इथवर सहजी पोहोचत नसे. ब्रिटिश काही क्रांतीचे मित्र नव्हते. आपल्या वसाहतीत गडबड नको एवढाच त्यांचा हिशेब होता. ती मर्यादा ओलांडली की ते कारवाई करत, आणि तशी त्यांनी पुढे केलीही.

बागेत सन यांचा बसलेला कांस्य पुतळा आहे. लांबलचक कांस्य भित्तिशिल्पही आहे, त्यात सिंगापूरच्या इतिहासातले प्रसंग उठावदार घडवले आहेत. मुले बरोबर असतील तर त्यांना शिल्पासमोर वेळ द्या. गोदीतले हमाल, रिक्षा ओढणारे, दुकानदार अशी माणसे शोधायला सांगा. आत ज्यांच्या वर्गणीच्या गोष्टी येणार आहेत त्यांतली पुष्कळ माणसे या थरातली.

पाचवी पायरी : आतली दालने, कोणत्या क्रमाने आणि काय शोधत

दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून खोली क्रमांक न देता काय शोधायचे ते सांगतो. चार गोष्टी अशा आहेत की त्या पाहिल्याशिवाय निघू नका.

पहिली, १९०६ चे सामूहिक छायाचित्र. सन मध्ये बसले आहेत आणि भोवती सिंगापूर शाखेची मंडळी. सन यांच्यावरून नजर हलवा आणि बाजूच्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहा. तान आणि तेओ ओळखा. कपडे बघा. हे पगारी क्रांतिकारक नाहीत, दुकान बंद करून आलेले लोक आहेत. सदस्य होताना त्यांना शपथ घ्यावी लागे : मांचूंना हाकलणे, चीन परत मिळवणे, प्रजासत्ताक स्थापणे आणि जमिनीचे हक्क समान करणे. यातल्या शेवटच्या कलमाला जमीनदार-व्यापाऱ्यांनी मान्यता द्यावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

दुसरी, उठावांचे नकाशे. वान छिंग युआनशी तीन उठाव जोडलेले आहेत. मे १९०७ चा हुआंगगांग उठाव ग्वांगडोंगच्या चाओजो भागातला, म्हणजे तेओच्यू लोकांच्या मूळ मुलखातला. तेओ एंग हॉक यांना तो किती जवळचा असेल याची कल्पना करा. डिसेंबर १९०७ चा झेन्नानग्वान उठाव चीन आणि फ्रेंच इंडोचायनाच्या सीमेवरचा. तिथल्या डोंगरावरच्या तटबंदीपर्यंत सन स्वतः गेले होते. तिसरा एप्रिल १९०८ चा हेकोऊ उठाव, युनान प्रांताच्या सीमेवरचा. तिन्ही फसले. नकाशासमोर उभे राहून सिंगापूर ते हनोई आणि हनोई ते सीमा असे बोटाने अंतर मोजा. पैसा सिंगापुरात गोळा होई, शस्त्रे भलतीकडून येत, लढणारे तिसऱ्याच ठिकाणी असत. एक तार उशिरा पोहोचली, एक बोट चुकली, की सगळे कोसळे.

हेकोऊनंतर काय झाले ते या घराच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे आहे. फ्रेंचांनी पराभूत बंडखोरांची शस्त्रे काढून घेतली आणि शेकडो जणांना सिंगापूरला पाठवून दिले. ओळख ना पाळख, काम ना धंदा, अशी माणसे शहरात आली. त्यांना जेवू कोण घालणार? तेओ, तान आणि त्यांचे सहकारी. कुणाला दुकानात लावले, कुणाला मळ्यावर, आणि अनेकांना काम मिळावे म्हणून एक दगडखाणही चालवली. इतिहासाच्या पुस्तकात उठावाला एक परिच्छेद मिळतो, उठावानंतरच्या भाकरीला ओळही मिळत नाही. इथे ती मिळते. जरा जास्त वेळ थांबा.

तिसरी गोष्ट वर्तमानपत्रे. ऑगस्ट १९०७ मध्ये ‘चोंग शिंग यित पाओ’ हे दैनिक सुरू झाले. वांग जिंगवेई आणि हू हानमिन यांच्यासारखे तडफदार लेखक त्यात लिहीत. समोर सुधारणावाद्यांचे ‘नानयांग चोंग हुई पाओ’ होते. गंमत अशी, की तेही मुळात तेओ आणि तान यांनीच काढलेले, पण भागीदारांत फूट पडून विरोधी गटाकडे गेलेले. दोन्ही पत्रांत महिनोन्महिने अग्रलेखांचे युद्ध चालले. राजा ठेवावा की काढावा, क्रांती केली तर परकी सत्ता चीनचे तुकडे करतील का, हे त्यातले मुद्दे. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादावर वाढलेल्या मराठी वाचकाला या काचपेटीसमोर परके वाटायचे कारण नाही. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी वाचनालये निघाली. तिथे एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. नावाला वाचनालय, आत थोंगमेंगहुईची भरती.

चौथी, बायकांच्या खुणा. सन यांच्या अनेक वर्षांच्या सोबतीण छेन त्सुईफेन या त्यांच्याबरोबर नानयांगमध्ये होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे रांधणे-वाढणे, निरोप पोहोचवणे अशी कामे त्या करत. तेओ यांच्या पत्नीने इथे क्रांतीचा ध्वज शिवल्याचे सांगितले जाते. निळ्या आकाशावर पांढरा सूर्य आणि बाकी लाल, तोच ध्वज पुढे चिनी प्रजासत्ताकाचा झाला. तान पोह निओ यांचा उल्लेखही शोधा. कुटुंबाने दार उघडले नसते तर इथे काहीच घडले नसते.

वरच्या मजल्यावर गेल्यावर व्हरांड्याकडून बाहेर डोकवा. आता समोर इमारती आहेत.

सहावी पायरी : १९०८ नंतरचे धागे

इथपर्यंत आलेले बरेच जण दमतात आणि पुढची दालने भरभर ओलांडतात. थोडक्यात सांगतो, म्हणजे काय ओलांडता आहात ते कळेल.

लागोपाठच्या अपयशांनी सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचे हात रिकामे झाले. सन यांनी नानयांगमधले मुख्य केंद्र मलायाच्या पेनांग बेटावर हलवले. तिथे नोव्हेंबर १९१० मध्ये झालेल्या बैठकीत ग्वांगजोमधल्या मोठ्या उठावाचा निर्णय झाला. एप्रिल १९११ चा तो उठावही फसला. मारले गेलेल्यांपैकी ७२ जण हुआंगहुआगांग इथल्या समाधिस्थानाच्या नावाने ओळखले जातात, आणि त्यांत नानयांगहून गेलेली माणसेही होती. सहा महिन्यांनी, १० ऑक्टोबर १९११ ला, वूचांगमध्ये सैनिकांनी बंड केले आणि या वेळी राजवट ढासळली. सन तेव्हा अमेरिकेत होते. परतताना डिसेंबरात ते सिंगापूरला थांबले, ती त्यांची इथली शेवटची भेट. १ जानेवारी १९१२ ला नानजिंगमध्ये त्यांनी हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

यजमानांचे काय झाले? तेओ आणि तान, दोघांचीही आर्थिक घडी विस्कटली. वान छिंग युआन विकावे लागले. पुढे हात बदलत बदलत घर ओसाड पडले. लिम नी सून यांची मात्र भरभराट झाली. त्यांचे निधन १९३६ मध्ये झाले आणि त्यांना नानजिंगमध्ये पुरले. सिंगापूरचे यिशुन हे उपनगर त्यांच्याच नावाचे. तोआ पायोहच्या मार्गावर पुढे यिशुन स्थानक लागते, तेव्हा आठवण ठेवा. तेओ यांच्या उत्तरायुष्याला एक वेदनादायक बाजू आहे. जुने सहकारी वांग जिंगवेई यांनी जपानधार्जिणे सरकार स्थापले तेव्हा तेओ त्यांच्या बाजूला गेले. ज्याने आईचे घर क्रांतीला दिले त्याच माणसाची ही निवड. मला ती समजून घ्यायला अवघड जाते, पण ती वगळून त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिक ठरेल.

१९३७ मध्ये ली काँग चियान, तान एआन किआम यांच्यासह सहा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन घर परत विकत घेतले आणि सिंगापूरच्या चिनी व्यापारी मंडळाकडे सोपवले. त्याच वर्षी जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले होते. सिंगापूरचे चिनी तान काह की यांच्या नेतृत्वाखाली मदतनिधी उभारत होते. भारतातून पुढच्याच वर्षी जे वैद्यकीय पथक चीनला गेले त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. ग्वांगजोला त्यांचे स्वागत करणाऱ्या सोंग छिंगलिंग म्हणजे सन यत-सेन यांच्या पत्नी. सन यांचे निधन १९२५ मध्येच झाले होते.

जपानी अंमलात बंगल्याचा उपयोग लष्करी दळणवळणासाठी झाला. युद्धानंतर तिथे कुओमिनतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाचे कार्यालय होते. १९४९ मध्ये पक्षावर बंदी आली तेव्हा ते गेले. १९६० च्या दशकात व्यापारी मंडळाने दुरुस्ती करून घर लोकांसाठी खुले केले. १९९४ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. नव्या रूपातले स्मारक भवन २००१ मध्ये उघडले. २००९ पासून ते राष्ट्रीय वारसा मंडळाकडे आहे आणि क्रांतीच्या शताब्दीला, ऑक्टोबर २०११ मध्ये, मोठ्या नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले.

सातवी पायरी : मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर

मुलांना सगळे फलक वाचायला लावू नका. त्यांना एकच काम द्या : या घरातल्या लोकांनी क्रांतीला काय काय दिले त्याची यादी करा. घर, पैसा, छापखाना, शिवलेला ध्वज, जेवण, नोकरी. यादी वाढत जाते आणि मुले स्वतःच पुढचे दालन शोधू लागतात. मध्य-शरद ऋतूच्या सणाला बागेत कंदिलांची आरास असते. त्या दिवसांत जाणार असाल तर संध्याकाळचे कार्यक्रम आधी पाहून ठेवा.

वडीलधाऱ्यांसाठी आतला भाग थंड आणि निवांत आहे, थकवा येतो तो बाहेरच्या उन्हाचा. छायाचित्रणाला सहसा हरकत नसते, फ्लॅश मात्र वापरू नका. जुने कागद उजेडाने खराब होतात.

आठवी पायरी : आसपास

बंगल्याला लागूनच ब्रह्मदेशी बौद्ध मंदिर आहे. मंडालेजवळच्या सग्यिन टेकडीच्या संगमरवरातून घडवलेली सुमारे ११ फुटांची शुभ्र बुद्धमूर्ती तिथे आहे. चपला बाहेर काढून शांतपणे दहा मिनिटे बसावे. त्यानंतर बालेस्टिअर रोडवर या. हे नाव जोसेफ बालेस्टिअर या अमेरिकी वाणिज्य दूताचे, ज्याचे इथे उसाचे मळे होते. रस्त्यावर १८४७ मधले गोह चोर तुआ पेक काँग देऊळ आहे. त्याच्या समोर वायांगचा, म्हणजे चिनी संगीत नाटकाचा, जुना रंगमंच अजून उभा आहे. असे स्वतंत्र उभे रंगमंच सिंगापुरात आता विरळा.

खाण्याबद्दल सावध करतो. बालेस्टिअर प्रसिद्ध आहे बाक कुत तेहसाठी, पण ती डुकराच्या बरगड्यांची आमटी. ताऊ सार पिया नावाचे मुगाच्या पुरणाचे खुसखुशीत गोल पदार्थ दिसायला शाकाहारी असतात, तरी पारंपरिक कृतीत डुकराची चरबी घालतात. दुकानात स्पष्ट विचारल्याशिवाय घेऊ नका. शाकाहारी मंडळींनी सरळ लिटल इंडिया गाठावे. नोव्हेनाहून न्यूटन आणि तिथे गाडी बदलून पुढचेच स्थानक.

पुढचा टप्पा : पेनांग

हे घर मनात रुजले तर मलेशियाच्या सहलीत पेनांगचा एक दिवस काढा. जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर १२० क्रमांकाचे अरुंद, लांब, मध्ये चौक असलेले दुकानघर आहे. सिंगापूरनंतर थोंगमेंगहुईचे काम तिथून चाले आणि आज तिथे संग्रहालय आहे. सन यांनी १९१० मध्ये पेनांगमध्ये सुरू केलेले ‘क्वोंग वाह यित पोह’ हे दैनिक अजून निघते. त्या दिवशीचा अंक कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घ्या, भाषा येत नसली तरी. आधी सिंगापूर आणि मग पेनांग असाच क्रम ठेवा. उलट गेलात तर पेनांगला सन का गेले, हा प्रश्नच मनात उभा राहत नाही.